मॉर्गन डॉलरवरची रेघ: डायला गेलेला तडा की ओरखडा? आणि व्हॅम नंबर कसा काढायचा?

चंदेरी_पेटी

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा विचारतेय. सासऱ्यांनी अमेरिकेत असताना जमवलेले तीन मॉर्गन डॉलर (अमेरिकेची जुनी चांदीची नाणी) आता माझ्याकडे आलेत आणि गेले काही दिवस मी १० पट भिंग घेऊन त्यांच्याच मागे लागलेय. एक १८७८ चा आहे, मिंटमार्क (टांकसाळीची खूण) नाही म्हणजे फिलाडेल्फियाचा ना? दुसरा १८८८ चा, मागे पुष्पचक्राच्या गाठीखाली ‘ओ’ आहे म्हणजे न्यू ऑर्लिन्स. तिसरा १९२१ चा, त्यालाही मिंटमार्क नाही.

मुख्य प्रश्न १८८८ वाल्याबद्दल. पुढच्या बाजूला एक बारीक रेघ आहे, काठाजवळून निघते आणि आत जाते. नेटवर ‘स्कारफेस’ नावाचा १८८८-ओ फार प्रसिद्ध आहे असं वाचलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. पण ही रेघ डायला (नाणं पाडायच्या ठशाला) गेलेल्या तड्याची आहे की नंतर कोणीतरी मारलेला ओरखडा आहे हे मला ठरवता येत नाही, भिंगातून कधी वर आलेली वाटते तर कधी खोल गेलेली, फोटोत तर दर वेळी वेगळीच दिसते.

१८७८ च्या गरुडाच्या शेपटीत सात पिसं मोजली, पण खाली मधेच अजून काहीतरी टोकं डोकावतायत. आणि १९२१ वर तर अक्षरांच्या डोक्यावरून रेघाच रेघा आहेत, तो पण खास आहे का?

व्हॅम नंबरच्या, म्हणजे डायमधल्या फरकांवरून दिलेल्या प्रकार-क्रमांकांच्या, याद्या उघडल्या की शेकड्याने नोंदी येतात, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. कोणी नीट सांगेल का?

---

भिंगधारी

ताई स्वागत. प्रश्न अगदी योग्य क्रमाने विचारलाय, रेघ वर आहे की खाली हे ठरल्याशिवाय पुढे काहीच बोलण्यात अर्थ नाही.

डाय म्हणजे नाणं ठोकायचा ठसा, त्यावर नाण्याची उलटी प्रतिमा. नाण्यावर जे उंच ते डायमधे खोल. आता कडक पोलादाच्या डायला लाखो ठोक्यांनंतर तडा गेला की तिथे फट पडते, ठोका बसताना चांदी त्या फटीत शिरते आणि नाण्यावर उंच रेघ उठते. म्हणजे डायचा तडा नाण्यावर नेहमी उंच. ओरखडा नाण्यावर नंतर पडतो, धातू खरवडून, म्हणून तो खोल असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना ढकललेल्या धातूची बारीक वर आलेली किनार दिसते. कधी कधी ही किनारच लोकांना फसवते, खोल चर दिसत नाही आणि किनारच तडा वाटते.

आता बघायचं कसं. वरचा दिवा बंद करा, एकच टेबललॅम्प ठेवा आणि तो नाण्याच्या डावीकडे अगदी खाली आणा, प्रकाश नाण्यावरून सरपटत गेला पाहिजे. रेघ उंच असेल तर तिची डावी बाजू, म्हणजे दिव्याकडची, चमकेल आणि उजवीकडे सावली पडेल. खोल असेल तर बरोब्बर उलटं, दिव्याकडची बाजू काळी आणि पलीकडची चमकणारी. खात्री करायची तर शेजारच्याच एखाद्या अक्षराकडे किंवा ताऱ्याकडे बघा, ते तर उंचच आहेत, त्यांची सावली ज्या बाजूला पडतेय त्याच बाजूला रेघेची पडतेय का? तुमच्या फोटोत दर वेळी वेगळं दिसतं कारण प्रकाश कुठून आला ते फोटो बघताना डोळ्याला कळत नाही, त्यामुळे फोटो टाकताना दिवा कुठल्या बाजूला होता ते लिहायची सवय लावून घ्या.

दुसरी खूण मला जास्त भरवशाची वाटते. रेघ चेहऱ्यावरून किंवा केसांवरून खाली सपाट भागात उतरते तेव्हा काय होतं ते बघा. ओरखडा उंच भागावर ठळक आणि खोलगट कोपऱ्यात गायब, कारण ज्याने ओरखडला ते टोक अक्षराच्या बुडाशी पोचतच नाही. तडा मात्र अक्षराच्या भिंतीवरून चढून पलीकडे तसाच उतरतो. उलट झिजलेल्या नाण्यावर गालावरचा तडा घासून गेलेला असतो आणि अक्षरांच्या आडोशाला तेवढा शिल्लक राहतो. हे बघून सांगा, मग पुढचं.

---

डायशोधक

भिंगधारींनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे, मी पुढचं सांगतो, कारण व्हॅम काढताना बहुतेक जण तड्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच गाडी अडते.

तडा ही डायला नंतर झालेली जखम आहे. तारीख कुठे बसलीय, मिंटमार्क कसा बसलाय, आकृती दुहेरी उमटलीय का, या डायच्या जन्मखुणा. आधी जन्मखुणा बघायच्या, जखम शेवटी. एकच डाय सुरुवातीला तड्याशिवाय नाणी पाडतो, मग बारीक तडा, मग जाड, आणि या तिन्ही नाण्यांचा मूळ व्हॅम नंबर एकच असतो. तडा, क्लॅश (दोन डाय एकमेकांवर आपटून उठलेली खूण), गॉज (डायला बसलेली खोल खरवड) अशा नंतरच्या गोष्टींसाठी नंबरापुढे अक्षर लागतं, १ए, १बी असं. व्हॅन अ‍ॅलन आणि मॅलिस या दोघांनी १९७१ मधे ही पद्धत सुरू केली, व्हॅम हे नाव त्यांच्याच आडनावांवरून आलंय. नंबर मोठा म्हणजे दुर्मिळ असं काही नसतं, आणि व्हॅम १ हा बहुतेक वर्षांत साधा, काही वेगळं नसलेला डाय असतो.

मॉर्गनमधे इतके प्रकार का झाले ते लक्षात घेतलंत की शोधायचं काय ते आपोआप कळतं. त्या काळात तारीख आणि मिंटमार्क प्रत्येक कामाच्या डायवर वेगळे ठोकले जायचे. त्यामुळे तारीख कधी मानेच्या जवळ, कधी लांब, कधी एकीकडे कललेली, कधी दोनदा ठोकलेली. ‘ओ’ कधी डावीकडे झुकलेला तर कधी उजवीकडे, कधी वर. आणि सगळ्या टांकसाळींचे डाय फिलाडेल्फियातच बनायचे, तिथून सॅन फ्रान्सिस्को, न्यू ऑर्लिन्स, कार्सन सिटीला जायचे. म्हणून तर ‘एस’ साठी ठोकलेल्या डायवर नंतर ‘ओ’ ठोकून वापरलेला १८८२-ओ-वर-एस आहे, आणि कार्सन सिटीत १८९३ नंतर नाणी पाडणं बंद झाल्यावर उरलेल्या ‘सीसी’ डायवर ‘ओ’ ठोकून पाडलेला १९००-ओ-वर-सीसी आहे. त्यात ‘ओ’ च्या दोन्ही बाजूंना जुन्या सीसीच्या कडा डोकावतात, १० पट भिंगात छान दिसतात.

तर १८८८-ओ साठी असं करा. पहिल्यांदा तारखेचा पहिला १ काठाला लागून असलेल्या बारीक दातांपैकी कुठल्या दातावर येतो ते बघा, दाताच्या बरोब्बर वर की दोन दातांच्या मधे. मग मिंटमार्कचा कल. मग ओठ, नाक, हनुवटी. १८८८-ओ मधे व्हॅम ४ म्हणजे ‘हॉट लिप्स’, तिथे पुढच्या बाजूचा डायच दुहेरी आहे, ओठ दोन दिसतात, नाक आणि हनुवटीसुद्धा. तो जवळजवळ नेहमी वापरून झिजलेलाच सापडतो, तरी ओठ ओळखू येतात, म्हणून तुमचं नाणं कितीही झिजलेलं असलं तरी तिथे नक्की बघा.

एक सावधगिरी. ठोका बसताना डाय सैल असला, थोडा हलला, तरी अक्षरं दुहेरी दिसतात, पण ते दुहेरीपण सपाट असतं, पायरीसारखं, आणि अक्षर उलट बारीक होतं. खरा दुहेरी डाय असेल तर दोन्ही प्रतिमा गोलसर, अक्षर जाड, आणि टोकाला खाच किंवा फाटा. पहिल्या प्रकाराला व्हॅम नंबर मिळत नाही, आणि ‘दुहेरी’ म्हणून विकायला येणाऱ्यात तोच जास्त असतो.

स्कारफेस म्हणजे व्हॅम १बी. त्यात तडा डाव्या काठापासून निघून लिबर्टीच्या (नाण्यावरच्या स्त्रीच्या) चेहऱ्याच्या आरपार जातो, आणि बारीक नाही, चांगला दणदणीत, भिंग न घेता दिसणारा. तुमची रेघ ‘बारीक’ आहे म्हणता म्हणून मला शंका आहे, पण कुठून कुठे जाते ते सांगा.

---

मंजूमावशी

मी १८७८ बद्दल लिहिते कारण माझा जीव त्याच वर्षात अडकलाय, मॉर्गनमधे इतकं गुंतागुंतीचं दुसरं वर्ष नाही.

बेटा, सात पिसं आणि खाली टोकं डोकावतायत म्हणतेस, हे ऐकून माझे कान टवकारले! १८७८ च्या मार्चमधे फिलाडेल्फियात पहिले डॉलर पडले तेव्हा गरुडाच्या शेपटीत आठ पिसं होती. मग सात पिसांचं नवं हब (ज्याने दाबून डाय बनवतात तो मूळ ठसा) आलं. पण आठ पिसांचे तयार डाय पडून होते, ते टाकून न देता त्यांच्यावरच सात पिसांचं हब दाबलं. खालची जुनी पिसं पूर्ण बुजली नाहीत, नव्या पिसांच्या टोकांच्या खाली, फटीफटीतून जुनी टोकं बाहेर आलेली दिसतात. हाच ७-वर-८. किती टोकं दिसतात ते डायगणिक वेगळं, कुठे तीन, कुठे सात, आणि व्हॅम ठरवताना ती मोजावीच लागतात. काही डायवर गरुडाचे पायही दुहेरी आहेत, तेही बघ.

पण लगेच उड्या मारू नकोस. शेपटीखाली डाय घासल्याच्या बारीक उंच रेघा असतात, त्या टोकांसारख्या वाटू शकतात. फरक असा की पिसाचं टोक पिसाच्या रुंदीचं आणि गोलसर, आणि ते पिसाच्याच दिशेने उतरतं. घासल्याच्या रेघा केसासारख्या बारीक, एकमेकींना समांतर आणि शेपटीच्या पलीकडे मोकळ्या जागेतही पसरलेल्या.

टोकं नसतीलच तर सात पिसांचा साधा डाय, आणि त्यातही दोन जाती. गरुडाच्या पायातल्या बाणांकडे बघ, सगळ्यात वरच्या बाणाचं पीस बाणाला समांतर असेल आणि छाती सपाट असेल तर १८७८ ची मागची बाजू, पीस तिरकं आणि छाती गोल फुगीर असेल तर १८७९ ची. ‘१८७९ ची मागची बाजू’ म्हटलं तरी ती १८७८ च्या नाण्यांवर आहेच, नाव तसं पडलंय. आणि उलटही होतं बघ, १८७९-एस आणि १८८०-सीसी मधे जुनी सपाट छातीची बाजू वापरलेली नाणी आहेत आणि लोक ती मुद्दाम शोधतात.

---

नाणेप्रेमी_७८

१९२१ चं मी सांगतो, थोडक्यात. त्यावर रेघा असणं हेच नॉर्मल आहे. १९१८ च्या पिटमन कायद्याने २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले गेले आणि त्यांच्या बदली पुन्हा पाडायचे होते, १९२१ मधे एकट्या फिलाडेल्फियाने साडेचार कोटींच्या आसपास मॉर्गन पाडले. जुनी हब १९१० मधेच नष्ट केलेली होती म्हणून नवी बनवली, त्यांचा उठाव कमी. डाय तुटेपर्यंत चालवले. त्यामुळे अक्षरांच्या डोक्यावरून काठाकाठाने जाणारे गोल तडे १९२१ वर सर्रास असतात आणि त्याने किंमत वाढत नाही.

तरी फेकून देऊ नका हो. १९२१ ची तारीख हबमधेच होती, त्यामुळे जवळ-लांब तारखेचा खेळ तिथे नाही, शोधायचे ते तडे, गॉज आणि तुटलेले तुकडेच. म्हणजे इथे वर सांगितलेला ‘जखम शेवटी’ हा नियम चालत नाही, १९२१ मधे जखमाच ओळख पटवतात. आणि एकदा नाण्याच्या कडेवरचे खाचे बघा, फिलाडेल्फियाचा एक प्रकार असा आहे की नेहमीच्या १८९ ऐवजी १५७ खाचे आहेत. दुसरं १९२१ नाणं शेजारी उभं धरलं की मोजायचीसुद्धा गरज नाही, खाचे विरळ आहेत हे लगेच दिसतं.

---

चंदेरी_पेटी

सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री दिवा खाली आणून बघितलं आणि भिंगधारी म्हणाले ते तंतोतंत दिसलं! दिवा डावीकडे, ताऱ्यांची सावली उजवीकडे आणि रेघेची पण उजवीकडे, म्हणजे उंच आहे, तडाच आहे. पण स्कारफेस नाही. ती उजवीकडच्या काठापासून निघते, खालच्या दोन ताऱ्यांच्या टोकांना शिवून तारखेच्या शेवटच्या ८ च्या बुडातून जाते आणि तिथेच विरते, चेहऱ्याच्या जवळपास पण नाही. ओठ एकच आहेत.

अजून एक दिसलं, मानेच्या पुढे मोकळ्या जागेत एक पुसट वक्र रेघ आहे, उंचच आहे पण तड्यासारखी वाकडीतिकडी नाही, कुठल्यातरी आकृतीची कड असावी अशी सफाईदार. हे काय?

---

डायशोधक

ही क्लॅश असणार. मधे नाण्याची कोरी चकती नसताना दोन डाय एकमेकांवर आपटले की मागच्या बाजूच्या आकृतीची कड पुढच्या डायवर उमटते, आणि मग पुढच्या प्रत्येक नाण्यावर दिसते. मॉर्गनमधे मानेपुढे आणि टोपीच्या मागे ती सगळ्यात जास्त दिसते कारण तिथे मैदान मोकळं आहे. मागच्या बाजूला याचं उलटं बघायचं, काही नाण्यांवर लिबर्टीच्या पट्टीवरचं ‘ई’ हे अक्षर गरुडाच्या शेपटीखाली उमटलंय, १८८९-ओ आणि १८९१-ओ चे व्हॅम १ए त्यासाठीच ओळखले जातात. तुमच्या नाण्यावर शेपटीखालची जागा एकदा नीट बघाच.

आणि हे मला सगळ्यात आवडतं ते सांगतो. क्लॅश कारागीर डाय घासून घालवू शकतो, तडा घालवू शकत नाही, तो फक्त वाढतो. म्हणून तुमच्यासारखीच तारीख आणि मिंटमार्क असलेली दुसरी नाणी बघितलीत, एकावर क्लॅश आहे तडा नाही, दुसऱ्यावर दोन्ही, तिसऱ्यावर क्लॅश पुसट आणि तडा जाड, तर ती कुठल्या क्रमाने पाडली ते मांडता येतं, सव्वाशेहून जास्त वर्षांनी! तडा रुंदावत गेला की त्याच्या एका बाजूचा भाग दुसरीपेक्षा उंच दिसायला लागतो, आणि काठाचा तुकडाच निखळला तर तिथे आकृती जाऊन नुसता गुळगुळीत उंचवटा येतो, त्याला इंग्रजीत ‘कड’ (cud) म्हणतात, आणि त्याच्या बरोब्बर मागच्या बाजूची अक्षरं कच्ची उमटतात कारण चांदीला दाबायला समोर काही उरलेलंच नसतं.

---

भिंगधारी

याच अभ्यासाने बनावट नाणी पकडली गेलीत हे पण सांगायला हवं. १८९६, १९०० आणि १९०२ चे न्यू ऑर्लिन्सचे अगदी छोट्या ‘ओ’ चे डॉलर बरीच वर्षं खरे म्हणून व्हॅम नंबरासकट फिरत होते. मग लक्षात आलं की तिन्ही सालांच्या नाण्यांची मागची बाजू एकाच डायची आहे, तेच दोष त्याच जागी. २००५ मधे पीसीजीएसने (नाणी तपासून प्रमाणित करणारी अमेरिकन कंपनी) ते खरे म्हणून प्रमाणित करणं थांबवलं, ती जुन्या काळातच बनवलेली बनावट नाणी निघाली. पण म्हणून प्रत्येक छोटा ‘ओ’ खोटा असं नाही हं, १८९९-ओ चा छोटा ‘ओ’ खरा आहे.

तेव्हा ताई, तिन्ही नाण्यांचं वजन एकदा करून ठेवा. कोऱ्या मॉर्गनचं २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, ९० टक्के चांदी. झिजेने वजन थोडं उतरतं, पण एकदम दोन ग्रॅम कमी आलं तर थांबायचं. आणि कृपा करून पॉलिश करू नका, टूथपेस्ट तर अजिबातच नाही, तडा आणि घासल्याच्या रेघा इतक्या नाजूक असतात की एकदा चोळलं की ओळखायला काही उरत नाही.

---

मंजूमावशी

बेटा १८७८ चं काय झालं ते राहिलंच की! शेपटीचा एक फोटो जवळून टाक, दिवा शेपटीच्या टोकांच्या दिशेने खाली ठेव म्हणजे पिसांची सावली टोकांवर न पडता ती वेगळी दिसतील. आणि पायांचा एक. टोकं किती ते मी मोजते, तू पण मोज, आकडा जुळला की यादी उघडू.

---

चंदेरी_पेटी

मावशी, मला चार टोकं नक्की दिसतायत, पाचवं आहे असं वाटतं पण खात्री नाही. ती पिसाच्या रुंदीचीच आहेत, केसासारख्या रेघा नाहीत. फोटो उद्या उजेडात काढून टाकते, १८८८ च्या तारखेचा आणि ‘ओ’ चा पण टाकते, दिवा कुठे होता ते लिहून.